जंगलातलं हंगामी काम: प्राणी नका निवडू, महिने निवडा

दिवाळी उरकली की मला चार-पाच मेसेज ठरलेले असतात. ताई, मला वाईल्डलाईफमध्ये काम करायचंय, शक्यतो वाघांवर, कसं शिरायचं? आणि मी प्रत्येकाला आधी उलट एकच विचारते, तू मार्चमध्ये मोकळा आहेस का? नसशील, परीक्षा असेल, तर वाघ विसर, कासवंही विसर, मेमधलं काहीतरी बघू. ऐकायला रुक्ष वाटतं पण मी स्वतः या चुकीत दोन वर्षं घालवली आहेत, डोक्यात एकच प्राणी धरून बसले होते आणि ज्या महिन्यात त्याच्यावरचं काम निघायचं नेमकी त्याच महिन्यात मी दुसरीकडे अडकलेली असायचे. फिल्डची कामं प्राण्यांच्या आणि पावसाच्या वेळापत्रकाने निघतात, आपल्या नाही.

म्हणून आधी वर्ष मांडून बघा. महाराष्ट्रापुरतं सांगते. पाऊस सरला की ऑक्टोबरपासून गवताचं बी गोळा करायचं काम सुरू होतं. नोव्हेंबरपासून कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला यायला लागतात, ते साधारण मार्चपर्यंत, आणि पिल्लं बाहेर पडणं पार मेपर्यंत चालतं. हिवाळा आणि उन्हाळा व्याघ्र प्रकल्पांमध्ये कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आणि ट्रान्सेक्ट, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून चालत प्राणी मोजणं. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, ही आशियाभर १९८७ पासून होते, आपल्याकडे नांदूर मधमेश्वरसारख्या ठिकाणी पहाटे थंडीत दुर्बीण धरून हात आखडतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. मग पावसाळ्यात रोपवाटिका, बेडकांचे सर्व्हे, तण उपटणं, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर कास पठारावरची गर्दी सांभाळणं. या सगळ्याला जोड लावत गेलात तर वर्षाचे आठ-नऊ महिने भरतात. एकाच प्राण्याला चिकटलात तर तीन.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसणं हे काम नाही. खातं स्वतःच त्याला निसर्गानुभव म्हणतं आणि लोक पैसे भरून बसतात. जरूर बसा, मजा येते, पण सीव्हीत त्याला वाघ गणनेचा अनुभव म्हणून लिहू नका, वाचणाऱ्याला कळतं.

कासवांचा सीझन

नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी किनारा सांगेन, कारण इथे शिकवणारी माणसं रोज बरोबर असतात आणि चूक झाली तर लगेच दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला २००२ च्या सुमारास हे काम सुरू केलं, पुढे वनखातं आणि खारफुटी जपणारं राज्य सरकारचं मॅंग्रोव्ह फाउंडेशन आलं, आणि आता वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, खाली सिंधुदुर्गात वायंगणी अशा बऱ्याच किनाऱ्यांवर गावातलेच कासवमित्र हे काम बघतात. बाहेरून येणाऱ्याला इथे नोकरी म्हणजे बहुतेक वेळा रिसर्च प्रोजेक्टचा फिल्ड असिस्टंट, नाहीतर सीझनपुरता स्वयंसेवक. कासवमित्राची जागा गावकऱ्यांची आहे आणि ती त्यांचीच राहायला हवी.

रोजचं काम म्हणजे चालणं. पहाटे, उजाडायच्या आधी, आणि भरती बघून, कारण मोठी भरती येऊन गेली की मादीची पावलं पुसली जातात आणि मग घरटं शोधणं म्हणजे गवतात सुई. मोबाईलवर भरतीचं ॲप असतंच पण जुन्या लोकांचा हिशेब शिकून घ्या, तिथीची पाऊणपट. म्हणजे अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, साधारण सहाला भरती. अगदी मिनिटाला मिनिट नाही जुळत पण रेंज नसलेल्या किनाऱ्यावर तेवढं पुरतं.

पावलं सापडली की वर जाणारी आणि परत येणारी अशा दोन रांगा दिसतात, आणि मध्ये कुठेतरी विस्कटलेली वाळू. तिथे लगेच खणायला बसू नका. ज्या काकांबरोबर मी पहिला सीझन चालले ते काठी अशी अलगद वाळूत घालायचे आणि जिथे काठी आपसूक आत जाईल तिथे थांबायचे. मी तिसऱ्या दिवशी शहाणपणा करून स्वतः काठी खुपसली आणि दोन अंडी फोडली. काका काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. नवीन माणसाने पहिला महिना काठीला हात लावू नये, नुसतं बघावं.

अंडी हलवायचीच ठरली, म्हणजे भरतीच्या रेषेत आहेत किंवा कुत्री-कोल्ही लागणार आहेत म्हणून हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखीव जागेत, न्यायची आहेत, तर ती घातल्यापासून जेवढ्या लवकर नेता येतील तेवढ्या लवकर, थोड्याच तासांत. कारण काही तासांनी आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटायला लागतो आणि त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की गर्भ मरतो. म्हणून हाताने खणायचं, एकेक अंडं जसं होतं तसंच उचलायचं, गोल फिरवायचं नाही, धुवायचं नाही, बादलीत त्याच घरट्यातली ओली वाळू. मोजत जायचं, साधारण शंभराच्या आसपास निघतात. हॅचरीतला खड्डा मूळ घरट्यासारखाच हवा, दीड फुटाच्या आसपास खोल, तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं, सुरईसारखा. मग पाटी, तारीख, अंड्यांचा आकडा, कुठून आणली. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात आणि वाळू किती तापते यावर नर-मादी ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. त्यामुळे शेडनेट लावायची की नाही हा हॅचरीतला कायमचा वाद, तुम्ही त्यात पहिल्या वर्षी तोंड घालू नका, तापमानाचा कागद नीट भरा बस. नंतर त्या वादात तुमचाच कागद कामाला येतो.

पिल्लं सोडताना पर्यटक असतात, फोन असतात, लहान मुलं असतात. पिल्लांना पाण्यात नेऊन टाकायचं नाही, वाळूवरून त्यांना स्वतः जाऊ द्यायचं, फ्लॅश बंद, आणि दोरीच्या अलीकडे लोकांना थोपवणं हे खरं तुमचं काम. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्युल एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळे अंड्याला किंवा पिल्लाला हात लावायचा तर खात्याच्या परवानगीखाली आणि त्यांच्या माणसासमोरच. पिल्लू हातात घेऊन काढलेला सेल्फी टाकू नका, त्याने प्रोजेक्टच्या परवानगीला धक्का बसतो, तुम्ही तर घरी जाताच.

पिल्लं गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून रिकामी कवचं, न उबलेली अंडी, आत मेलेली पिल्लं मोजायची असतात. वास भयंकर. फोटोत हे काम कधी येत नाही पण घरटं किती यशस्वी झालं हा आकडा याच घाणीतून निघतो. आणि एवढं सगळं कशाला, तर जानेवारी २०२२ मध्ये वेळासला प्रथमा नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून ही कासवं पुढे जातात कुठे हे पहिल्यांदा नीट बघायला मिळालं. त्याच्या आधी आपण वीस वर्षं नुसती पिल्लं समुद्राकडे पाठवत होतो.

वाघांचं काम म्हणजे बहुतेक वेळा चितळांचं काम

व्याघ्रगणना देशभर दर चार वर्षांनी होते, २००६ पासून. २०२२ च्या फेरीत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्याआधी २०१८ ला ३१२. पण मधल्या वर्षांतही प्रत्येक व्याघ्र प्रकल्पात दरवर्षी कॅमेरे लागतात, त्यामुळे मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, सह्याद्री या सहापैकी कुठेतरी हिवाळ्यात माणूस लागतोच. फक्त वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. माझ्या एका आख्ख्या सीझनमध्ये मी वाघ प्रत्यक्ष दोनदा बघितला, त्यातला एक जिप्सीतून, सुट्टीच्या दिवशी.

ट्रान्सेक्ट म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवरून पहाटे हळूहळू चालायचं आणि चितळ, सांबर, रानडुक्कर, नीलगाय जे दिसेल ते किती, कुठल्या कोनात, किती अंतरावर, हे लिहायचं. सोपं वाटतं ना? इथे तीन गोष्टींवर सगळे घसरतात. एक, अंतर प्राणी पहिल्यांदा जिथे दिसला तिथलं घ्यायचं, तुम्हाला बघून पळून जिथे थांबला तिथलं नाही. कळप असेल तर कळपाच्या मध्याचं. दोन, गोल आकडे. माणसाला ३०, ४०, ५० लिहायची खोड असते, रेंजफाइंडरवर, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्रावर, ४३ आलं तर ४३ च लिहा, कारण पुढे घनता काढताना याच अंतरांचा आलेख बसवतात आणि सगळे आकडे दहाच्या पाढ्यात आले तर तो आलेख वाकडातिकडा होतो. तीन, आणि हे माझं पाप आहे, रिकामा कागद. पहिल्या आठवड्यात मी दोन किलोमीटर चालून आले, काही दिसलं नाही, तर मी त्या दिवसाचा कागदच भरला नाही, काय लिहिणार म्हणून. माझ्याबरोबरचे वनमजूर भाऊ म्हणाले, काहीच नाही दिसलं तं तसं लिहा नं मॅडम. बरोबर होते ते. चाललो आणि काही दिसलं नाही ही नोंद आहे, कागद नसेल तर चाललोच नाही असा अर्थ होतो आणि त्या जंगलात फुकटचे प्राणी वाढतात.

आणि हो, प्राणी आधी हे वनमजूरच बघतात. आपण दुर्बीण लावून शोधत असतो आणि ते नुसत्या कानाच्या हालचालीवरून सांगतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया बोलणारी माणसं बरोबर असतात, पाच-पन्नास शब्द शिकून घ्या, प्राण्यांची नावं तरी.

कॅमेरा ट्रॅपचं तंत्र वेगळं. वाघाच्या दोन्ही अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जोडीने कॅमेरे लावतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, आणि अगदी समोरासमोर नाही, थोडे तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात. उगवतीकडे किंवा मावळतीकडे तोंड नको. समोरचं गवत कापा, वाऱ्याने हललेलं एक पातं रात्रभरात कार्ड भरून टाकतं आणि मग तुम्ही ऑफिसात बसून गवताचे हजारो फोटो डिलीट करता. बसवल्यावर कॅमेऱ्याचा नंबर आणि तारीख-वेळ कागदावर लिहून तो कागद कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो काढाच. का सांगते, एकदा बॅटरी संपून पुन्हा घातल्यावर एका कॅमेऱ्याची तारीख कित्येक वर्षं मागे गेली आणि आमच्याकडे त्या कॅमेऱ्याचा तो कागदाचा फोटो होता म्हणून सगळ्या वेळा परत जुळवता आल्या. नसता तर महिन्याचं काम गेलं होतं. कार्ड काढलं की त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी. झोप आली असली तरी.

अधिवासाचं काम, ज्याचे कोणी फोटो काढत नाही

मला विचाराल तर खरं काम इथे आहे आणि इथेच अर्ज कमी येतात, त्यामुळे शिरायला सोपं.

घाणेरी घ्या, म्हणजे टणटणी. वरून कापली की दुप्पट फुटते, कारण खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या भागातून नवे फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी जी पद्धत बसवली ती आता बऱ्याच जंगलांत वापरतात, तीन माणसांनी मिळून झुडूप धरायचं, जमिनीखाली, त्या जोडाच्या खालून, मुख्य मूळ तोडायचं आणि आख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे परत मातीत धरत नाही. हे फळं पिकायच्या आधी करायचं, नाहीतर उपटताना तुम्हीच बी पसरवता. आणि एकदा काढून पुढच्या वर्षी आला नाहीत तर केलेलं सगळं वाया, खाली पडलेलं बी उगवतंच, शिवाय पक्षी आणून टाकतात. त्यामुळे कुणी एका सीझनमध्ये इतके हेक्टर साफ केले असं सांगितलं की मी विचारते, दुसऱ्या वर्षी कोण गेलं होतं?

गाव उठून गेलेल्या जागांवर कुरण तयार करायचं काम ताडोबा-मेळघाटात चालतं. तिथे पावसाळ्यात तरोट्याचं तण माजतं, ते फुलावर यायच्या आत उपटायचं असतं, पाठ धरते, जळवा नसल्या तरी डास असतात. मग ऑक्टोबर-डिसेंबरात मारवेल, पवन्या अशा गवतांचं बी हाताने ओरबाडून गोळा करायचं, वाळवायचं, पोत्यावर नाव आणि जागा लिहायची. गवतं ओळखायला शिका हो. वाघ सगळ्यांना ओळखता येतो, मारवेल ओळखणारं पोरगं मिळत नाही, आणि ज्याला ओळखता येतं त्याला पुढच्या वर्षी फोन येतो.

आगीचं काम मात्र हौसेने घेऊ नका. जाळरेषा म्हणजे ठराविक रुंदीचा पट्टा, त्यावरचं गवत कापून, वाळवून, १५ फेब्रुवारीच्या आत जाळून मोकळा करतात म्हणजे पुढे वणवा आला तर तिथे अडतो. यात मदत करता येते. बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या असतात, मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला पालवी चांगली फुटते असं समजून पेटवतात. त्यामुळे मार्चमध्ये सर्वात उपयोगी फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा, कोण, तर जो गावात बसून चार लोकांशी बोलतो, पाला झाडून बाजूला करायला मदत करतो तो. प्रत्यक्ष आगीवर गेलात तर सुती कपडे, सिंथेटिक टी-शर्ट अंगाला वितळून चिकटतो. पूर्ण बूट. वारा कुठून आहे ते आणि पळायची वाट कुठे आहे ते आधी बघा. प्रतिआग, म्हणजे वणवा अडवायला समोरून मुद्दाम आग, लावायचा निर्णय तुमचा नाही, कधीच नाही.

काम मिळवायचं कसं

जाहिराती भारतीय वन्यजीव संस्था, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), मॅंग्रोव्ह फाउंडेशन, व्याघ्र प्रकल्पांची प्रतिष्ठानं यांच्या वेबसाइटवर येतात, मुदत कमी असते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा बघत जा. पण माझी चारपैकी तीन कामं जाहिरातीतून नाही मिळाली, कुणीतरी सीझन सुरू होऊन पंधरा दिवसांत पळून गेलं आणि मला फोन आला. हे दर वर्षी होतं, कोणीतरी पळतंच. त्यामुळे नाही असं उत्तर आलं तरी एक ओळीचा मेल परत टाका, की मी अमुक तारखेपासून मोकळी आहे, मध्येच जागा झाली तर कळवा.

मेलमध्ये लहानपणापासून प्राण्यांची आवड हे वाक्य काढून टाका, ते सगळ्यांचंच असतं. त्याऐवजी काय येतं ते लिहा. गिअरची बाईक येते आणि लायसन्स आहे, हे सोन्यासारखं. पोहता येतं. मराठीबरोबर आणखी कोणती भाषा. जीपीएस किंवा मोबाईलवर कोबोसारख्या ॲपमध्ये डेटा भरलाय. प्रथमोपचार शिकलाय. तंबूत, रेंजशिवाय, किती दिवस राहिलाय. आणि तारखा, कधीपासून कधीपर्यंत. एक पान. डिग्री लाइफ सायन्सची असेल तर बरं, रिसर्च प्रोजेक्टवाले ती मागतात, पण अधिवासाच्या कामात मी बीकॉमची पोरं उत्तम काम करताना बघितलीयेत.

हाताशी काहीच अनुभव नसेल तर जवळच्या तळ्यावर रोज सकाळी एक तास, एकाच जागेवरून, तीन महिने पक्षी मोजा आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाका. त्या यादीत सलगपणा दिसतो. मुलाखतीत मला कुणी अशी यादी दाखवली तर मी पुढचे प्रश्न कमी विचारते.

पैसे, सुट्ट्या, संडास

हे तीन विषय विचारायला लाजू नका. हो म्हणायच्या आधी विचारा: मानधन महिन्याचं की दिवसाचं, कुठल्या तारखेला येतं, राहणं-जेवण त्यात की वेगळं, पेट्रोल कोणाचं, अपघात विमा आहे का, आठवड्याची सुट्टी असते का नुसती म्हणायला. मेलवर उत्तर घ्या. मी एका प्रोजेक्टवर काम मेमध्ये संपवलं आणि शेवटचे दोन हप्ते मला दिवाळीनंतर मिळाले, मुद्दाम कोणी अडवले नव्हते, ग्रँटचा पुढचा टप्पा अडकला होता, पण माझ्या घरभाड्याला त्याचं काय. तेव्हापासून दोन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय मी फिल्डवर जात नाही. बिनपगारी काम एकदा करा, शिकायला, ठराविक आठवड्यांपुरतं. दुसऱ्यांदा त्याच लोकांनी फुकट बोलावलं तर नाही म्हणा.

मुलींसाठी थोडं वेगळं. राहायची जागा कुठे, आतून कडी आहे का, बरोबर दुसरी बाई आहे का, हे सरळ विचारा, चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही आणि जो दुखावतो त्याच्याबद्दल तुम्हाला कळलं. पाळीच्या दिवसांत पहाटेची ट्रान्सेक्टची लाइन बदलून मागायला काही वाटून घेऊ नका. माझी पहिली दोन वर्षं मी उगाच दात-ओठ खात चालले.

बीट गार्डला, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाला, पहिल्या दिवशी भेटा. परवानगीची झेरॉक्स कायम बॅगेत, अभयारण्यात विनापरवाना पाऊल टाकणं हा गुन्हा आहे आणि तुमचा प्रोजेक्ट मोठा असला म्हणून गेटवरच्या माणसाला ते माहीत असतंच असं नाही. ज्या पाड्यावर राहता तिथे फोटो काढत सुटू नका, आधी दोन दिवस नुसते राहा.

तब्येत

गोचिडांना हलकं घेऊ नका. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे पेशंट निघालेत, तो गोचिडीतून येतो आणि जानेवारी ते मे हाच त्याचा काळ, म्हणजे नेमका फिल्डचा. पँट मोज्यात खोचा, पाल्यावर थेट बसू नका, संध्याकाळी कपडे बाहेरच काढून झटका आणि अंग तपासा. जंगलात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता खात्याला कळवा. कामानंतर ताप आला तर डॉक्टरला जंगलात होते हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. सापासाठी मोठी टॉर्च आणि घोट्यावर येणारे बूट, आणि कॅम्पवर पोहोचल्याच्या दिवशी शोधून ठेवा की सर्पदंशाचं औषध असलेलं सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री दोन वाजता तिथे नेणारी गाडी कोणाची. अस्वलाची भीती वाघापेक्षा जास्त ठेवा, मोहाच्या दिवसांत पहाटे विशेषतः. त्याला वास चांगला येतो पण ते आपल्याच नादात असतं आणि अचानक समोर आलात की बिथरतं, म्हणून अंधारात चालताना गप्पा मारत चाला. ट्रान्सेक्टवर नाही अर्थात, तिथे गप्पा मारल्या तर चितळ कुठून दिसणार.

पावसाळा

जून ते सप्टेंबर बहुतेक जण घरी बसतात आणि पैसे संपवतात. या दिवसांत कॅमेऱ्याचे फोटो वेगळे करायचं काम घरी बसून मिळतं, मागून घ्या. रोपवाटिकेत हात लागतो. आंबोलीकडे बेडकांचे सर्व्हे असतात, रात्रीचे, पावसात, आणि तिथे एक शिस्त पाळा, एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बूट घासून धुवून वाळवा, कारण बेडकांच्या कातडीचा बुरशीचा रोग चिखलातून पसरू शकतो. कासला फुलांच्या दिवसांत आसपासच्या गावांची समिती माणसं लावते, ते काम गावातल्यांना मिळतं आणि बरोबरच आहे, पण कुणाच्या अभ्यासाला मदतनीस म्हणून जाता येतं.

शेवटचे दोन दिवस

सीझन संपताना सगळ्यांना घरची ओढ लागते आणि नेमका इथेच गोंधळ होतो. कॅमेऱ्यांतल्या बॅटऱ्या काढा, आत राहिल्या तर पावसाळ्यात गळतात आणि कॅमेरा जातो. डेटाच्या दोन प्रती, आणि बरोबर एक कागद, कुठल्या रकान्याचा अर्थ काय, कुठल्या दिवशी काय बिघडलं होतं, तुम्हाला सगळं आठवतंय तोवरच. पुढच्या वर्षीच्या माणसाला तुमचा ट्रान्सेक्ट तीनचा तुटलेला पूल माहीत नसणार. बरोबर चाललेल्या सगळ्यांची नावं अहवालात गेली का बघा, वनमजुरांची आणि कासवमित्रांचीही. अनुभवपत्र लेटरहेडवर, तारखांसकट, बस पकडायच्या आधी हातात, नंतर पाठवतो म्हणाले की गेलं.

आणि सामान परत दिलं की वहीत सही घ्या. एका ऑफिसात माझ्या नावावर अजून एक रेंजफाइंडर चढलेला आहे, जो मी दिला होता, कपाटात खालच्या कप्प्यात, डावीकडे, मला अगदी लख्ख आठवतंय.